मनाई तुमची, फोन मात्र घरी येतो : मुख्य रब्बी परिषदेस खुलं पत्र

प्रति,
माननीय सदस्य,
मुख्य रब्बी परिषद, जेरुसलेम

शालोम आणि सविनय नमस्कार.

पत्र मराठीत आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. इव्रीत, म्हणजे हिब्रूत, मी बाजारहाट करते, दवाखान्यात नंबरावरून भांडते, नातवंडांना रागावतेही. पण मनातलं नीट मांडायचं तर मला मराठीच लागते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. 1963 साली बारा वर्षांची असताना मी मुंबईहून इथे इस्रायलला आले. सहावीपर्यंतची शाळा तिकडेच मराठीत झालेली, आणि नेगेव वाळवंटातल्या दिमोनात आमच्या गल्लीत अजूनही कुचाळक्या मराठीतच चालतात. नात या पत्राचं भाषांतर करून आपल्याकडे पाठवणार आहे. मराठी वाचणाऱ्यांना मूळ वाचता यावं म्हणून ते इथे देते आहे.

विषय त्या नातीचाच आहे, आणि मुलींनी सैन्यात जाऊ नये या आपल्या मनाईचा. धार्मिक सरकारी शाळेतून ती बारावी झाली आणि पुढे वर्षभर नेगेवमधल्याच एका मिद्राशात राहिली. मराठी वाचकांसाठी सांगते, तोरा म्हणजे आमचं धर्मशास्त्र आणि मिद्राशा म्हणजे मुलींचं तोरा-विद्यालय. सकाळपासून रात्रीपर्यंत दोघीदोघींनी समोरासमोर बसून ग्रंथ वाचायचे आणि वाद घालायचे. तिथून ती सैन्यात गेली. सक्ती नव्हती. 1949 च्या सेवा कायद्यापासूनच धार्मिक मुलींना सूट आहे, आणि 1978 नंतर तर ते फारच सोपं झालं. मी कश्रुत, म्हणजे खाण्याचे धर्मनियम, पाळते, शब्बातला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, गाडीत बसत नाही, माझ्या श्रद्धेत सैन्यसेवा बसत नाही, असं प्रतिज्ञापत्र केलं की काम होतं. तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुली ते करून शेरूत लेउमीला, म्हणजे राष्ट्रीय सेवेला गेल्या. माझी लेकही तिच्या वेळी तेच करून एका इस्पितळात राबली होती, आणि त्या कामाचा मला अभिमान आहे. नातीने दुसरी वाट धरली. त्या वाटेच्या तोंडाशी आपली मनाईची पाटी लागलेली आहे.

गेल्या हिवाळ्यातल्या एका शुक्रवारची गोष्ट. सूर्य बुडायला तासभर होता. चपात्या आटपून मी किद्दुशचं, म्हणजे शब्बातच्या आशीर्वादाच्या पेल्याचं, सरबत गाळत होते. आमच्या घरी अजून वाइन नसते, काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेलं सरबतच असतं. तेवढ्यात फोन वाजला.

"आजी, आई आहे का? मी आज रात्री खमालमध्ये आहे."

खमाल म्हणजे हालचालींवर नजर ठेवायची खोली, जिथे बिनतारी संदेश येतात. पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मला 'हमाल' ऐकू आलं होतं आणि मी तिच्या आईला म्हटलं होतं, पोरीला सैन्यात काय ओझी वाहायला लावलीत? तेव्हापासून आमच्या घरी तिला हमालीणच म्हणतात.

आई घरी नव्हती. मग पोरीने मलाच सांगितलं. रात्रभर येणारा प्रत्येक संदेश संगणकावर नोंदवायचा. पहाटे पाळी संपली की एक तक्ता भरायचा, किती संदेश, कुठून, किती वाजता. वरून अधिकारी म्हणणार, जरा कॉफीचं पाणी ठेव. आणि सूर्य बुडताच शब्बात लागणार, लिहिणं, यंत्राला हात लावणं, पाणी तापवणं सगळं वर्ज्य, जिवाचा प्रश्न असेल तेवढं सोडून. यातलं काय करायचं आणि काय नाही? तळाच्या रब्बींना तिने तीनदा फोन लावला, उचलला गेला नाही. त्यांना तरी काय बोल लावायचा, एका माणसाकडे कितीतरी तळ, आणि शुक्रवारी दुपारी त्यांनाही घर गाठायचं असतं. मला तर काहीच ठाऊक नव्हतं. एवढंच म्हटलं, "तुझ्या बाईंना विचार."

बाई म्हणजे मिद्राशातल्या तिच्या शिक्षिका. पुढचं मला शब्बात उलटल्यावर कळलं. बाईंनी उत्तर द्यायच्या आधी तिलाच प्रश्न विचारले. हा संदेश नोंदला नाही तर पुढच्या पाळीवरच्या माणसाला कळणार कसं? त्या न कळण्याने कुणाच्या जिवाला धोका आहे का? आणि तो तक्ता, तो वाचतं कोण आणि कधी? तक्ता रविवारी एक कारकून वाचतो, असं निघालं. मग बाई म्हणाल्या, जिथे जीव अडकलाय तिथे दोन्ही हातांनी, पटापट टाइप कर, चाचरू नकोस, तिथे चाचरणंच पाप. तक्ता शनिवारी रात्री तीन तारे दिसल्यावर, म्हणजे शब्बात संपल्यावर भर, आणि तसं वरिष्ठाला आत्ताच, सूर्य मावळायच्या आत सांगून ठेव. कॉफीचं पाणी थर्मासमध्ये आत्ताच भर.

वरिष्ठ धार्मिक नव्हता. "बरं," म्हणाला आणि थर्मास स्वतः घेऊन आला.

ही एवढीशी गोष्ट मी एवढी लांबवून सांगितली, कारण आपल्या निर्णयात तिला जागाच नाही. 1951 साली, मुख्य रब्बी हर्झोग आणि उझिएल यांच्या काळात, मुलींची सैन्यभरती निषिद्ध ठरली. जानेवारी 2014 मध्ये आपल्या परिषदेने तेच पुन्हा ठासून सांगितलं. मुलीने जायचंच नाही असं एकदा ठरलं, की गेलेल्या मुलीने शुक्रवारी रात्री संगणकाला हात लावावा की नाही हा प्रश्न आपल्यापुरता संपतो. तिच्यापुरता तो सुरू होतो. आणि अशा मुली मूठभर उरलेल्या नाहीत. 2010 च्या सुमारास धार्मिक शाळांतून वर्षाला हजाराच्या आसपास मुली सैन्यात जात. ते दशक संपेपर्यंत आकडा अडीच हजारांच्या पुढे गेला. आपलं 2014 चं पत्रक याच वाढत्या वर्षांत निघालं, आणि त्याने आकडा खाली आला नाही.

मी विदुषी नाही. माझ्या आजीला, अलिबागकडच्या गावात, शमा, म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी आमची मुख्य प्रार्थना, तोंडपाठ होता. त्यापलीकडे इव्रीचं एक अक्षर तिला ओळखता येत नव्हतं. आमच्या लोकांनी शतकानुशतकं कोकणात काय जपलं, तर शमा, शनिवारची सुट्टी (तेलाचे घाणे शनिवारी बंद, त्यावरूनच आम्ही शनवार तेली), आठव्या दिवशीची सुंता आणि खाण्यातलं चोखंदळपण. आमच्यात सांगतात की दाविद राहाबी हे बाहेरचे ज्यू गुरू आमच्या गावांत आले तेव्हा हे लोक खरंच ज्यू आहेत का, याची परीक्षा त्यांनी बायकांकडून घेतली. मासळीची टोपली पुढे ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी घेतली, बाकीची बाजूला सारली. मग त्यांची खात्री पटली. आख्यायिका म्हणून ती सोडून द्यायची तर द्या. पण तिच्यातही परीक्षेला बसल्या त्या आमच्या बायका, आणि उत्तीर्णही त्याच झाल्या.

आता माझी नात जेवणाच्या टेबलावर मिश्ना, म्हणजे धर्मनियमांचा जुना संग्रह, उघडते आणि मला मराठीत समजावते. तिच्यामुळेच मला सोता या ग्रंथातला आठवा अध्याय माहीत झाला. ऐच्छिक युद्धातून घरी कोणी परतावं याची तिथे यादी आहे. नवं घर बांधलेला, नवा मळा लावलेला, नवं लग्न ठरलेला. आणि शेवटी म्हटलंय की कर्तव्याच्या युद्धात मात्र सगळेच निघतात, वर आपल्या खोलीतून आणि वधू आपल्या हुप्पेतून, म्हणजे लग्नमांडवातून. मी ऐकून थांबलेच. वधू, मांडवातून? हळदीच्या अंगानेच की!

नात लगेच म्हणाली, आजी, एवढी खूश होऊ नकोस, रादबाझ काय म्हणतो तेही ऐक. रादबाझ या जुन्या भाष्यकार रब्बीने लिहिलंय की वधू लढायला जाते असं नाही. वरच निघून गेला तर मांडव मोडतोच, किंवा बायका लढणाऱ्यांना अन्नपाणी पोहोचवतात. मग तिने दुसऱ्या बाजूचंही काढलं. 'पुरुषाची वस्तू स्त्रीने अंगावर घेऊ नये' हे तोरातलं वाक्य, ज्याचं ओंकेलोस या प्राचीन भाषांतरकाराने अरामीत 'शस्त्र' असं भाषांतर केलंय. आणि त्यावर कुणीतरी धर्मग्रंथातल्या याएलचं उदाहरण कसं देतं, की तिने शत्रूचा सेनापती सिसरा याला तलवारीने न मारता तंबूच्या खुंटीने मारलं, म्हणजे मनाई तिनेही पाळली! मला हसू आलं. पण पोरीने ते सगळं तोलून मापून सांगितलं. कुठेही आपल्या सोयीचं तेवढंच उचललं नाही. रादबाझ तिच्या विरुद्ध जातो हे तिनेच मला सांगितलं, आपण नव्हे.

आदरणीय रब्बीजन, ज्या मुलीला आपल्याविरुद्धचा आधार आणि आपल्या बाजूचा आधार दोन्ही ठाऊक आहेत, तिच्याशी मनाईच्या एका ओळीत बोलून भागत नाही. तिच्याशी वाद घालावा लागतो, तोही ग्रंथ उघडून.

हे मुलींना शिकवायचंच कशाला, असं म्हणणारेही आपल्यात आहेत. त्याच सोता ग्रंथात बेन अझ्झाय म्हणतो की बापाने मुलीला तोरा शिकवलीच पाहिजे, आणि रब्बी एलिएझर म्हणतो की शिकवणं म्हणजे भलतंसलतं शिकवणं. अनेक शतकं एलिएझरचंच मत चाललं. मग 1917 साली क्राकूवमध्ये सारा श्नेनिरर या शिंपीणबाईने मुलींची शाळा काढली, हाफेत्झ हाइम या थोर रब्बींनी तिला पाठबळ दिलं, आणि आज कट्टरातल्या कट्टर घरची मुलगीही तिने सुरू केलेल्या बेइस याकोव शाळांत जाते. पुढे जेरुसलेममध्ये मुली तालमूद या मोठ्या धर्मग्रंथाच्या अभ्यासाला बसल्या. आता तर जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या रब्बीपदाच्या परीक्षा स्त्रियांना खुल्या करायला सांगितल्या. ते काम न्यायालयाला करावं लागलं याचं मला वाईटच वाटलं. घरातलं भांडण पंचांपुढे गेलं की दोन्हीकडची माणसं लहान दिसतात.

मुलग्यांची गोष्ट आपण किती सामोपचाराने सोडवलीत! 1950 च्या दशकात केरेम बेयावने ही येशिवा, म्हणजे मुलग्यांचं तोरा-विद्यालय, निघाली, हेस्देरची, म्हणजे अभ्यास आणि सैन्यसेवा जोडण्याची, पद्धत बसली. पाच वर्षांचा हिशेब, त्यात प्रत्यक्ष गणवेशात साधारण दीड वर्ष, बाकी येशिवात. 'तोरा की बंदूक' असं त्या पोराला कुणी विचारलं नाही. सैन्यात मोह असतात, भलती संगत असते, हे पोरांच्या बाबतीत आपल्याला माहीत नव्हतं का? माहीत होतं, म्हणून तर त्यांना तुकडीत एकत्र ठेवलं, त्यांच्यासोबत रब्बी पाठवले, मधूनमधून परत बोलावून ग्रंथापुढे बसवलं. आमच्या मुली बहुधा पूर्ण दोन वर्षं सेवा करतात. शिकणं त्याआधी, आणि ज्यांना जमतं त्या सुटल्यावर पुन्हा काही महिने येतात. बेत शेआनच्या खोऱ्यातल्या एन हानात्झिवसारख्या धार्मिक किब्बुत्झाने, म्हणजे सामूहिक वस्तीने, आणि जेरुसलेमच्या लिंडेनबाऊम मिद्राशाने ही घडी बसवली. अलुमासारख्या संस्थेची माणसं तळांवर जाऊन मुलींची विचारपूस करतात. हे सगळं आपल्या पाटीला वळसा घालून, आपल्या आशीर्वादाविना उभं राहिलं.

एक गंमत सांगते, राग मानू नका. सैन्यात नातीव नावाचा अभ्यासक्रम आहे. ज्यांचं ज्यू असणं हलाखेप्रमाणे, म्हणजे धर्मकायद्याप्रमाणे, सिद्ध होत नाही अशा सैनिकांना तिथे धर्म शिकवतात, आणि त्यातले कितीतरी पुढे धर्मप्रवेश करतात. तिथे शिकवणाऱ्यांत गणवेशातल्या मुली असतात, त्यातल्या बऱ्याच मिद्राशात शिकून आलेल्या. म्हणजे ज्या मुलीने तिथे असायलाच नको होतं, तिने शिकवलेला शमा म्हणत माणूस दायानांपुढे, म्हणजे धर्मन्यायाधीशांपुढे, उभा राहतो आणि आत घेतला जातो!

आता आपल्या भीतीबद्दल. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आमच्याच इमारतीतली एक मुलगी, नातीच्या आगेमागेची, सैन्यात गेली आणि दुसऱ्या वर्षी तिने शब्बात पाळणं सोडलं. तिच्या घरात तीन महिने कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. आईला जिन्यात रडताना मी पाहिलंय. त्या मुलीला शाळेने सैन्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. तिने नाव नोंदवलंय हे कळल्यावर तिथल्या एका शिक्षकाने तिच्याशी बोलणंच टाकलं. ती मिद्राशात गेली नाही, कुणाचा फोन नंबर घेऊन गेली नाही. गेली ती एकटीच. मिद्राशात गेली असती तर टिकली असती का, देव जाणे. पण घरच्यांनी पाठ फिरवलेल्या मुलीवर बाहेरचा वारा लवकर चढतो, एवढं मी आयुष्यात पाहिलंय.

आणि गणवेशाचं वावडं आमच्या समाजाला कधीच नव्हतं. मुंबईचं सर्वांत जुनं सिनेगॉग, शआर हाराहमीम, ज्याला आम्ही जुनी मशीद म्हणतो, ते 1796 साली बांधलं सॅम्युएल एझिकेल दिवेकरांनी. ते कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी, टिपूच्या कैदेतून सुटून आलेले. आमच्या घराघरांत सुभेदार होते. भारतीय नौदलात व्हाइस ॲडमिरल झालेले बेंजामिन सॅमसन आमचेच. या लोकांनी छावणीत राहून शनिवार सांभाळला. तेव्हा छावणीत श्रद्धा मरतेच, हे मला पटवायला आपल्याला जरा कष्ट पडतील.

उलटंही पाहिलंय आपण सगळ्यांनी. 7 ऑक्टोबर 2023 ला, हमासच्या हल्ल्यात, गाझाच्या सीमेवरच्या नाहल ओझ तळावरच्या निरीक्षक मुलींवर काय गुदरलं ते इथे पुन्हा लिहवत नाही. त्यांच्यातली, ओलीस नेलेली, आगाम बर्गर 30 जानेवारी 2025 ला सुटून आली. हेलिकॉप्टरमध्ये तिच्या हातात फळा होता आणि त्यावर स्तोत्र 119 मधल्या शब्दांवर बेतलेली ओळ होती, श्रद्धेची वाट मी निवडली आणि श्रद्धेच्या वाटेनेच परत आले. त्या दिवशी आपल्यापैकीही अनेकांचे डोळे भरून आले असतील. या युद्धाबद्दल, ते कसं लढलं गेलं आणि किती जीव गेले याबद्दल, आमच्या घरातही एकमत नाही. जेवताना त्यावरून ताटं सरकवली गेली आहेत. तो विषय या पत्राचा नाही.

एक जुनी गोष्ट मात्र काढतेच. 1962 मध्ये आपल्याच कचेरीतून फर्मान निघालं होतं की बेने इस्राएल मुलामुलीचं लग्न लावण्यापूर्वी आई, आजी आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. माझे बाबा 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरण्यावर बसले होते. आई डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी भरून बसने जायची, मला धाकट्या भावंडांपाशी ठेवून. 17 ऑगस्टला क्नेसेतने, म्हणजे इथल्या संसदेने, ठराव केला की आम्ही सर्वार्थाने ज्यू आहोत, आणि महिना संपायच्या आत आपल्या कचेरीने फर्मानाची भाषा बदलली. बाबा घरी आले तेव्हा पाय सुजले होते. ते म्हणाले, "रब्बी वाईट नाहीत गं, त्यांनी आपल्याला पाहिलंच नव्हतं." मी तेरा वर्षांची होते, मला ते पटलं नाही. आज थोडंसं पटतं. म्हणून हे पत्र.

तोरातल्या झेलोफहादच्या पाच मुली बापाच्या वारशासाठी मोशेपुढे उभ्या राहिल्या तेव्हा मोशेने त्यांना पाटी दाखवली नाही. उत्तर त्याला ठाऊक नव्हतं, तो देवाला विचारायला गेला. आपणही एकदा विचारायला या. निर्णय मागे घ्या असं म्हटलं तर आपण पत्र इथेच बाजूला ठेवाल, म्हणून ते मी शेवटी म्हणते. आधी निदान गेलेल्या मुलींना वाऱ्यावर सोडू नका. जेरुसलेमच्या निशमत विद्यालयातल्या योअत्झोत, म्हणजे धर्मनियमांच्या सल्लागार बायका, गेली पंचवीसेक वर्षं बायकांच्या अवघड प्रश्नांना फोनवर उत्तरं देतात, रात्रीबेरात्रीसुद्धा. तशी एक लाइन सैनिक मुलींसाठी असावी. पलीकडे शिकलेली बाई असावी, आणि तिच्या उत्तरामागे आपली मान्यता असावी, म्हणजे वरिष्ठापुढे मुलीला ते ठामपणे सांगता येईल. धार्मिक शाळांना कळवा की सैन्यात जाणाऱ्या मुलीशी बोलणं तोडू नका. मिद्राशांत एकदा जाऊन बसा, मागच्या बाकावर, बिनकॅमेऱ्याचं. आणि नंतर, जमलं तर, ती 1951 ची ओळ पुन्हा वाचा.

भाषांतर करताना नात एका वाक्यावर अडली. मांडवातून, हळदीच्या अंगाने, याला इव्रीत काय म्हणू म्हणाली. मी म्हटलं गाळ ते. ती म्हणाली, नाही, ठेवू, त्यांना विचारू देत.

उत्तर इव्रीतच पाठवा, आम्ही वाचून घेऊ. फोन करणार असाल तर कधीही करा, फक्त शुक्रवारी दुपारी दोननंतर नको. तेव्हा आमची लाइन मोकळी ठेवायची असते.

आपली,
दिमोनातली एक आजी